तीन हजार वर्षांची घागर

खोक्याचं झाकण उघडलं आणि रोहित देवरेच्या तोंडचं पाणी पळालं. आत स्पंज होता, स्पंजात मडक्याच्या पोटाएवढा गोल खळगा होता, आणि खळग्यात मडकं नव्हतं.

मडकं साधंसुधं असतं तर गोष्ट वेगळी. हे गोदावरीच्या खोऱ्यात उत्खननात निघालेलं, चांगलं तीन हजार वर्षांचं मडकं होतं. तांबूस अंग, गळ्याखाली काळे पट्टे. इतकी वर्षं बिचारं मातीत सुखरूप राहिलं, आणि पाथर्डी फाट्यावरच्या देवऱ्यांच्या फ्लॅटमध्ये एक रात्र काढताच नाहीसं झालं!

रोहित कॉलेजात इतिहास शिकवायचा. अजून कायम झालेला नव्हता, आणि करायचं की नाही ते प्राचार्यांच्या हातात होतं. त्यांच्या डोळ्यांत भरावं म्हणून त्यानं ‘नाईल ते गोदावरी’ नावाच्या प्रदर्शनाचा घाट घातला. मुलांनी थर्माकोलचा पिरॅमिड केला, पुठ्ठ्याचं बॅबिलोन उभारलं. मोहेंजोदडोचं स्नानगृह तर इतकं मनापासून केलं की ते गळायला लागलं आणि शेजारच्या इजिप्तमध्ये पूर आला. पण या सगळ्या पसाऱ्यात खरी म्हणावी अशी वस्तू एकच, ते मडकं. रोहितचे पुण्याचे गुरू उकिडवे सर यांनी ते शिष्यावरच्या मायेनं, आपल्या संस्थेत फारसा गाजावाजा न करता, गुपचूपच दिलं होतं. देताना म्हणाले होते, "देवरे, याला टवका जरी उडाला ना, तर तुमची नोकरी लागणार नाही आणि माझी राहणार नाही."

लोकांना हात लावून बघता यावं म्हणून कुंभाराकडून हुबेहूब तश्शीच काही नवी मडकीही रोहितनं करून घेतली होती. हे सगळं कॉलेजच्या स्टोअरमध्ये ठेवायचं ठरलं होतं. पण स्टोअरची किल्ली सहादू शिपायाच्या खिशात, आणि सहादू आखाजीसाठी घोटीला! म्हणून नवी मडकी घरच्या गॅलरीत आली आणि जुनं मडकं खोक्यात घालून पलंगाखाली गेलं. उद्घाटन आज दुपारीच होतं. आज अक्षय्य तृतीया, म्हणजेच आखाजी, साडेतीन मुहूर्तांतली, आणि प्राचार्य मुहूर्त पाहिल्याशिवाय झेरॉक्सचं मशीनसुद्धा चालू करू देत नसत.

"आई!" रोहितनं हाक मारली. हाक कसली, किंकाळीच ती.

बयाबाई स्वयंपाकघरात होत्या. मूळच्या सटाण्याकडच्या. नवरा गेल्यापासून मुलगा आणि सून वेदिका यांच्याकडं नाशकात राहायला आल्या होत्या, पण आखाजी त्या गावाकडच्यासारखीच करायच्या. नुकतीच पितरांना निखाऱ्यावर तुपाची आगारी टाकून त्या उठल्या होत्या आणि घरभर तुपाचा धूर झाला होता.

"काय जयं रे भाऊ?"

"पलंगाखालच्या खोक्यातलं मडकं कुठंय?"

"ते व्हय? मीच काढलं सकाळी. तुझ्या बापाची घागर भरायची होती ना. वेदिका म्हणे, बाजारात लय गर्दी हाय. म्हटलं, घरात एवढी मडकी पडली हायेत, कशाला इकत आणायची?"

"मग? घागर कुठंय आता?"

"दिली ना गुरुजींना. पाणी भरलं, वर डांगर ठिवलं, आंबा ठिवला. वेदिकानं गाडीवर नेलं मला पंचवटीत."

रोहित मटकन खाली बसला आणि तसाच उठला.

"अगं, वाटोळं झालं की माझं! ते काय वापरायचं मडकं होतं का?"

"तेच त सांगून राहिले मी. आयकी त ले..."

पण ऐकायला थांबतो तो रोहित कसला! चप्पल घातली ती वेदिकाची, हे त्याला द्वारका चौकात सिग्नलला पाय टेकल्यावर कळलं. चौकात नेहमीसारखी मुंगी शिरायला जागा नव्हती. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि पुढच्या टेम्पोच्या मागं ‘वाट पाहीन पण घाई नाही’ असं लिहिलेलं होतं. रोहितला त्या टेम्पोला लाथ मारावीशी वाटली. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. उकिडवे सर! "देवरे, सिन्नर सोडलं. थेट हॉलवरच येतो. घट व्यवस्थित आहे ना?"

"एकदम व्यवस्थित सर," रोहित म्हणाला आणि त्यानं टेम्पोच्या बाजूनं गाडी घुसवली.

पंचवटीत बाळाजी गुरुजींच्या घरात शिरला आणि त्याचं उरलंसुरलं अवसान गळालं. ओटीवर, पडवीत, जिन्याच्या पायऱ्यांवर, जिथं बघावं तिथं घागरी. सगळ्यांच्या गळ्यात दोरा, सगळ्यांच्या पोटावर हळदीकुंकू. अख्ख्या नाशकाचे पितर आज इथं पाणी प्यायला येणार होते जणू.

"गुरुजी, मी बयाबाई देवऱ्यांचा मुलगा. आईनं सकाळी घागर दिली, ती परत पाहिजे."

गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला. "इतकी वर्षं झाली मला या गावात, पण दान परत मागायला आलेला यजमान आजच बघतोय."

खरं सांगावं तर पंचवटीत सांगितलेली गोष्ट संध्याकाळच्या आत गंगापूर रोडच्या कॉलेजात पोचते. रोहितनं घाम पुसला. "वडिलांची फार आवडती होती हो ती."

"म्हणून तर वडिलांना दिली!"

"तसं नाही... म्हणजे, ती आमची नव्हतीच. दुसऱ्याची होती. आईनं चुकून दिली."

"परक्याची घागर? मग पुण्य त्या माणसाच्या बापाला लागलं."

"लागू दे गुरुजी! त्याच्या बापाला लागू दे, आजोबांना लागू दे, पण मला ते मडकं द्या हो!"

आतून इंदिराकाकू हात पुसत आल्या. "कुठली रे? ती काळ्या पट्ट्यांची का? आत पाटावर आहे. वेगळी दिसली म्हणून मी आपल्या प्यायच्या पाण्याला घेतली. चांगली काथ्यानं खसाखसा घासली. काय गार पाणी होतं रे तिच्यात!"

काथ्यानं! रोहितच्या काळजाला तो काथ्या लागला. तो आत धावला. पाटावर मडकं होतं, काळ्या पट्ट्यांचं. अंगावर चंदन, गळ्यात दोरा, आणि तोंडावर स्टीलचा पेला पालथा. त्यानं ते उराशी धरलं आणि भरल्या डोळ्यांनी तळ पाहिला. तळाशी संस्थेनं पांढऱ्या रंगात घातलेला नंबर नव्हता. "गेला," तो पुटपुटला. "काकूंच्या काथ्यात नंबर गेला."

"नेऊ का गुरुजी?"

"न्यायची तर तिच्या जागी कोरी घागर आणून दे. आणि नुसती देऊन भागणार नाही, संकल्प नव्यानं सोडावा लागेल. पितर काय उधारीवर चालतात? बस इथं."

मग रोहितनं नाक्यावरून कोरी घागर आणली आणि पाटावर बसला. प्राचीन माणूस मेलेल्यांसाठी भांड्यात पाणी का ठेवायचा, यावर हाच रोहित वर्गात तासभर बोलायचा आणि मुलं जांभया द्यायची. आज तो स्वतः जीन्समध्ये मांडी घालून, बोटात दर्भाची अंगठी अडकवून, वडिलांचं नाव घेत हातावरून पाणी सोडत होता. खिशातला फोन थरथरत होता. गुरुजी म्हणाले, "मन एकाग्र कर." रोहितचं मन एकाग्रच होतं, फक्त वडिलांवर नव्हतं. शेवटच्या पळीला मात्र त्याला एकदम बाबा आठवले आणि वाटलं, बाबा, तुमच्या घागरीपायी माझी नोकरी चालली, बघा काहीतरी.

कॉलेजात पोचल्यावर त्यानं आधी स्टाफच्या बाथरूमची कडी लावली. टूथब्रशनं चंदन काढलं, कुंकू काढलं. हळद काही केल्या निघेना. गळ्याच्या खाचेत पिवळसर झाक राहिलीच. मग ऑफिसातलं व्हाइटनर घेतलं आणि तळाशी नंबर लिहिला. पहिल्यांदा थरथरला, दुसऱ्यांदा बरा आला. मडकं काचेच्या पेटीत बसलं, वरचा दिवा लागला, आणि दारात उकिडवे सर आणि प्राचार्य दोघंही एकदमच उभे राहिले.

नारळ फुटला, फीत कापली. सर थेट पेटीपाशी आले आणि त्यांनी खिशातून भिंग काढलं.

सर वाकले. आणखी वाकले. मग त्यांचा श्वास जोरात चालू लागला.

"देवरे! हा पिवळा अंश दिसतोय का तुम्हाला?"

"कु... कुठं सर?"

"गळ्याच्या खाचेत! पुण्यात इतके दिवस माझ्या टेबलावर होता, पण मला दिसला नाही. नाशकाचा उजेडच वेगळा! अहो, ही हळद आहे. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीसुद्धा या खोऱ्यातले लोक घटाची हळद लावून पूजा करत होते!"

"असू शकतं सर," रोहित म्हणाला. खोटं तरी काय होतं त्यात? पूजा झालीच होती.

पुढं कुणाला आवरणार? पेपरवाले जमले. सर पेटीवर हात ठेवून बोलले, प्राचार्य सरांच्या खांद्यावर हात ठेवून बोलले. "आमच्या देवऱ्यांनी कॉलेजचं नाव काढलं," असं म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत रोहितची पाठ थोपटली आणि कानात म्हणाले, "ऑर्डर काढतोच तुमची." सर रात्री नाशकातच राहणार होते. उद्या सकाळी मडकं घेऊन ते पुण्याला जाणार आणि हळद तपासायला प्रयोगशाळेत पाठवणार होते. तपासलं तरी हळदच निघेल, बाकी देव जाणे, असं म्हणत रोहित घरी आला.

बयाबाई दारातच म्हणाल्या, "आला का? जा, गच्चीवरच्या कुरडया घेऊन ये. सांज व्हायला आली."

रोहित गच्चीवर गेला. कुरडयांच्या पलीकडं, टाकीच्या सावलीत, एक पाण्यानं भरलेलं मडकं होतं. त्याच्या काठावर चिमणी बसली होती आणि दुसरी आत उतरून पंख फडफडवत आंघोळ करत होती. मडक्याचं अंग तांबूस होतं आणि गळ्याखाली काळे पट्टे होते. रोहितनं गुडघ्यावर बसून ते हळूच कलतं केलं. तळाशी पांढरा नंबर होता. जुना, बारीक, जरासुद्धा न थरथरलेला.

तो कुरडया न घेताच खाली आला. "आई, गुरुजींना कुठलं मडकं दिलंस तू?"

"गॅलरीतलं! सकाळपासून तेच सांगून राहिले मी. खोक्यातलं आधी काढलं, एवढं गादीवर निजवलेलं, म्हटलं चांगलं असंल. बघते तर वापरेल शे ते! पितरांना कोरंच लागतं रे. कुणाच्या घरातलं, कुणी काय खाल्लंय त्यात कोण जाणे. म्हणून चिमण्यांना ठिवलं."

रोहितला हसावं की रडावं कळेना. डोळ्यांसमोर प्राचार्यांची ऑर्डर फडफडत येत होती आणि फडफडत जात होती. पण उद्या प्रयोगशाळेत गेल्या महिन्यातली माती सापडली तर सरांची शोभा होईल, आणि ज्यांनी मायेनं मडकं दिलं त्यांचं तोंड काळं करून आपण कायम व्हायचं, हे काही त्याला पचेना. त्यानं फोन लावला, डोळे मिटले आणि आखाजीपासून चिमणीपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं.

मग त्यानं एक डोळा उघडला.

"सर? सर, मी उद्या सकाळीच प्राचार्यांना सगळं..."

"वेडे आहात का देवरे!" उकिडवे सरांचा आवाज रोहितपेक्षा जास्त कापत होता. "पेपरात फोटो येतोय माझा! आणि संस्थेत मी सांगितलेलंच नाही की मडकं बाहेर गेलंय. मूळ मडकं शाबूत आहे ना?"

"आहे सर. आत्ता चिमणी आंघोळ करत होती."

"करू द्या. म्हणजे आता नका करू देऊ. आणि हे बघा, सकाळी प्राचार्य यायच्या आत ते घेऊन हॉलवर या. मी दारात थांबतो."

"हो सर."

"आणि देवरे..." सरांनी आवाज अगदी खाली आणला, "येताना चिमूटभर हळद आणा."

फोन ठेवून रोहित स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं मिसळणाचा डबा उघडला.

"हळद कशाला रे?" बयाबाईंनी विचारलं.

"त्या मडक्याला लावायचीये."

"अरे देवा!" बयाबाईंनी कपाळावर हात मारला. "एवढा शिकला, पण तुले अजून कळत नाही का भाऊ? वापरलेल्याची कधी पूजा करतात का?"