सुभेदारांच्या मिशा आणि छुपी जाहिरात

पलूसचे निवृत्त सुभेदार लालासाहेब यांनी जिनपालच्या किराणा दुकानात चारचौघांसमोर छाती ठोकून सांगितलं, "सीमेवर झुडपात लपलेला माणूस हुडकलाय म्या! छुपी जाहिरात काय चीज हाय? एक जरी नजरेतनं सुटली, तर ह्या मिशा उतरवीन!"

मिशा म्हणजे साध्यासुध्या नव्हेत! तीस वर्षं तेल पाजून वाढवलेल्या, विंचवाच्या नांगीसारख्या वळलेल्या. गावात त्यांना सुभेदारांइतकाच मान होता.

नजर तीक्ष्ण होती, हे मात्र खरं. मालिकेत सासऱ्याला झटका आला, की सुभेदार ओरडलेच, "आगं, सासरा चाललाय आन ही चहाचा पुडा नाव दिसंल असा धरून उभीय! जाहिरात!"

"आवं, मला जरा रडू द्या की!" त्यांची बायको राहीबाई कळवळायची.

इस्लामपूरच्या एका लग्नात तर कहर झाला. भटजींनी मंगलाष्टकात मांडववाल्याचं नाव गुंफलं. "जाहिरात!" म्हणत सुभेदारांनी हात वर केला. बँडवाल्यांना वाटलं, इशारा झाला! बँड वाजला, अक्षता उडाल्या आणि नवरा-नवरी दोन मंगलाष्टकं आधीच संसाराला लागली.

हे ऐकून सून अंकिता म्हणाली, "आबा, तुमचे व्हिडिओ काढू या. लोकांना कळू दे, छुप्या जाहिराती कशा असत्यात."

सुभेदार खुलले. रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून सोप्यात टेबलामागं बसू लागले.

"आबा, जरा डावीकडं सरका."

"का गं?"

"उजेड पडत न्हाई."

सुभेदार हुकूम सुटल्यासारखे सरकायचे. एकदा अंकितानं भाकरी पुढं ठेवली. "खात खात बोला, मोकळं वाटतं." त्यांनी चटणी-भाकरी खाल्ली आणि बोटं चाटत म्हणाले, "लय झ्याक!" त्या दिवशी बघणारे हजारोंनी वाढले.

महिन्याभरानं मिरज स्टेशनावर एका अनोळखी माणसानं त्यांना वाकून नमस्कार केला. "चटणीवाले सुभेदार ना तुमी?"

"कसली चटणी?" सुभेदार चक्रावले.

पलूसला उतरले ते थेट जिनपालच्या दुकानात. फळीवर शेंगदाण्याच्या चटणीच्या बरण्या रांगेत उभ्या. लेबलावर चेहरा नाही, नुसत्या मिशा!

"जिनपाल, कुणाच्या रं ह्या मिशा? वळखीच्या वाटत्यात."

जिनपालनं आरसा पुढं केला. मग मोबाईल. पहिल्या व्हिडिओत कोपराशी बरणी! दुसऱ्यात बरणी! भाकरीच्या व्हिडिओत तर सुभेदारांनी स्वतःच्या हातानं झाकण उघडलेलं!

"अंकिता आन तिच्या बचत गटाच्या बायका करत्यात ही चटणी," जिनपाल म्हणाला. "सगळ्या पलूसला ठावं हाय, सुभेदार. मग, मिशांचं कसं?"

सुभेदारांनी एकवार मिशांवरनं हात फिरवला. पण शब्द म्हणजे शब्द! शेजारच्या सलूनमध्ये ते खुर्चीत ताठ बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "उतरव!" दाराशी गर्दी जमली. वस्तरा वर गेला.

"थांबा!" राहीबाई धापा टाकत आत घुसली. मागं अंकिता आणि तिच्यामागं चटणीनं हात लाल झालेला अख्खा गट. "साताऱ्यासनं टेंपोभर बरण्यांची मागणी आलीया, ह्याच मिशा बघून! त्या आता तुमच्या न्हाईत, गटाच्या हाईत. गटाला इचारल्याबिगर एक केस कापायचा न्हाई!"

"आन माझा शब्द?"

जिनपाल घाईनं पुढं झाला. "मी सोडला, सुभेदार! मिशा गेल्या तर माझ्या फळीवरचा माल कोण नेणार?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. न्हाव्यानं वस्तरा ठेवला आणि मिशांना तेल लावलं. सुभेदार लढाई जिंकल्यासारखे उठले. सुनेचा त्यांना खरंच अभिमान वाटला. "पोरी, माझी नजर चकवलीस! पर आता लपवायचं न्हाई, उघड सांगायचं!"

दुसऱ्या दिवशी मिशांना पीळ देत, बरणी उंच धरून ते गरजले, "ही जाहिरात हाय! उघड हाय! ह्या घरात छुपी जाहिरात आता एकबी न्हाई!" दुपारपर्यंत बरण्या संपल्या.

अंकिता व्हिडिओखालचे अभिप्राय वाचून दाखवत होती. साताऱ्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं, "चटणी मस्त. तुमच्या पाठीमागच्या कॅलेंडरावर ज्यांचं नाव आहे, त्या जिनपालांच्या दुकानात साबणही मिळतो का?"

सुभेदारांनी सावकाश मान वळवली. नव्या वर्षाला जिनपालनं फुकट दिलेलं कॅलेंडर! ठळक लाल अक्षरांत दुकानाचं नाव. पहिल्या व्हिडिओपासून तिथंच!

"आबा, काढू का ते?" अंकितानं विचारलं.

"ऱ्हाऊ दे," दोन्ही हातांनी मिशा झाकत सुभेदार पुटपुटले. "एकादशी कवा हाय ते बघाया लागतं. पर सलूनवाल्याला सांगू नगंस!"