सासूबाईंचा सोन्याचा सुळा

नारळ दातांनी सोलायचा असं मी ठरवलं, तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. (वय आधीच सांगून टाकतो. 'वय काय आणि करताय काय' हा प्रश्न माझ्या बायकोचा विचारून झालेला आहे, तुम्ही पुन्हा विचारू नका.) परसात नारळ सोलायचा खुंटा होता. तिथवर जायला वीस पावलं लागली असती. पण शेजारचा सेमिसी कुंपणावर हात टेकून बघत होता, आणि शाळेत असताना मी दातांनी नारळ सोलायचो हे मी त्याला गेली दहा वर्षं ऐकवत आलो होतो.

कडकन आवाज झाला. नारळ जसाच्या तसा राहिला. माझा वरचा डावा सुळा मात्र अर्धा गेला.

लोसालिने, माझी बायको, धावत आली. "अगं बाई, रक्त!" असं म्हणून तिने नारळ उचलला आणि उलटापालटा करून पाहिला. "हा बरा आहे ना? घरात एवढा एकच उरलाय."

आमच्या बेटाच्या राजधानीत, नुकुअलोफात, दातांचे डॉक्टर मोआला फार सज्जन. त्यांनी रूट कॅनल केलं आणि म्हणाले, "आता कॅप बसवावी लागेल. पांढरी हवी तर बाहेरून मागवायची, दोन महिने लागतील. घरात सोनं असेल तर इथेच ओतून देतो."

मी कस्टम्सच्या कचेरीतला कारकून. माझ्या घरात सोन्यासारखं फक्त बायकोचं मन आहे, आणि तेही पाहुण्यांसमोरच. पण बायकोने वावाउ बेटावर आपल्या आईला फोन केला. सासूबाईंनी अलीकडेच कवळी बसवली होती आणि त्यांचा जुना सोन्याचा दात डबीत पडून होता.

"घ्या म्हणावं जावयाला," सासूबाई म्हणाल्या. "पोटच्या मुलाला दिला नाही तो. एकच सांगणं आहे. दातावर चांदणी कोरलीय, ती नव्यावरही हवी. मी पुढच्या शनिवारी बोटीने येतेय. धक्क्यावर उतरल्या उतरल्या तोंड उघडून दाखवायचं."

पुष्कळांच्या सासवा घरात राहायला येतात. माझी थेट तोंडात राहायला येणार होती. तरी खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं. वीस वर्षांत त्या बाईने मला प्रेमाने दिलेली ही पहिली वस्तू.

शुक्रवारी डॉक्टरांनी कॅप बसवली, चांदणीसकट. "सध्या कच्च्या सिमेंटवर बसवलीय," ते म्हणाले. "आठवडाभर बघू, मग पक्की करू. तोवर या बाजूने चावायचं नाही. चिकट खायचं नाही. आणि नारळ तर लांबच ठेवायचा."

मी दोन दिवस पाळलं. तिसरा दिवस रविवार होता.

रविवारी चर्चनंतर सगळा गोतावळा जेवायला माझ्या थोरल्या बहिणीकडे, मेलेनाइतेताईकडे जमतो. जमिनीतल्या भट्टीत तापल्या दगडांवर भाजलेला लू, म्हणजे अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून बांधलेलं मांस, समोर आला की डॉक्टर काय म्हणाले होते ते कुणाच्या लक्षात राहतं? तिसऱ्याच घासाला मला जिभेवर काहीतरी गोल फिरताना जाणवलं. जीभ सुळ्यावर नेली. तिथे खुंटी!

दुसऱ्या कुणाच्या घरी असतो तर तोंडात बोट घालून सरळ काढला असता. पण समोर ताई. आमच्याकडे भावाने बहिणीसमोर फाजील बोलायचं नाही, अंगाच्या गोष्टी काढायच्या नाहीत, घशात हात घालून खरकटे दात तर मुळीच काढायचे नाहीत. म्हणून मी तो घास दातासकट हळूच अळूच्या पानात परत ठेवला आणि पान मुडपून ताटात कडेला सारलं. घरी जाताना नेऊ, असा विचार केला.

आणि मी निर्धास्त होतो. कारण आमच्याकडे बापाच्या उष्ट्याला पोरं हात लावत नाहीत. माझ्या पाचही मुलांना हे पाळण्यातच शिकवलंय. माझ्या ताटातलं उष्टं म्हणजे सरकारी तिजोरीपेक्षा सुरक्षित. (मी सरकारी नोकर आहे, तिजोरीचं मला माहीत आहे.)

"फेलेती, शेवटची प्रार्थना तू म्हण," ताई म्हणाली.

मी डोळे मिटले. दात वाचल्याबद्दल देवाचे आभार मानायचे होते, त्यामुळे प्रार्थना जरा लांबली. आमेन म्हणून डोळे उघडले, तर पान उघडं आणि रिकामं. पलीकडे ताईचा मुलगा इनोके मिशा पुसत होता.

उष्ट्याला पोरं हात लावत नाहीत हे खरं, पण ती स्वतःची पोरं. बहिणीचा मुलगा म्हणजे फाहू. मामाचं जे काही असेल ते त्याचं. त्याने मागायचंही नाही आणि मामाने 'नको' म्हणायचंही नाही. मार्च महिन्यात त्याने माझी व्हॅन नेली. त्याआधी माझा चर्चचा कोट. मामाचं उष्टं खाणं हा तर त्याचा मान! एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यातून कशी गेली, देव जाणे.

"मामा, लू झकास होता हं," इनोके म्हणाला आणि हसला. त्याचाही वरचा डावा सुळा रग्बीत अर्धा तुटलेला आहे. "जरा कचकच लागली. आईने खडेमीठ घातलं का?"

मला ठसका लागला. ताईने पाणी दिलं. मी पाणी प्यालो. दुसरं काय करणार?

घरी येताना बायकोला सांगितलं. ती रस्त्यातच खाली बसली.

"गिळला? माझ्या आईचा दात? त्या बैलाने?"

"हळू बोल."

"हळू काय! शनिवारी ती येतेय. धक्क्यावर सगळ्यांसमोर ती तोंड उघडायला लावणार. काय दाखवाल? जीभ?" मग म्हणाली, "अहो, म्हणजे तो आता... बाहेर येईल ना?"

"येईल."

"आणि तुम्ही तो पुन्हा तोंडात घालणार?"

आपल्या सासूचा दात आपल्याच भाच्याच्या पोटातून फिरून आपल्या तोंडात येणार, ही कल्पना पचायला वेळ लागतो. पण चांदणीवाला दात मला परत हवा होता. सासूबाईंनी दिलेली पहिली वस्तू तीन दिवसांत हरवणारा जावई, ही ओळख मला उरलेला जन्म पुरली असती.

सोमवारी कचेरीत जाण्याआधी ताईकडे गेलो. ताई अंगणात बसलेली, म्हणजे उघड विचारणं शक्य नाही. इनोकेला घरामागे नेऊन सगळं सांगितलं. त्याने आधी डोळे विस्फारले, मग पोट धरलं, मग गंभीर झाला.

"काळजी करू नका, मामा. लक्ष ठेवतो. आला की देतो. आईसमोर विचारायचं असेल तर 'बोट आली का' म्हणा."

"एरंडेल आणू?"

"छे, छे! माझ्या पोटाला एरंडेल चालत नाही. डुकराचं भाजलेलं मांस असेल तर काम लवकर होतं. सोबत पपई. आणि थोडा लू."

मंगळवारी मांस नेलं. "इनोके, बोट आली का?"

"नाही मामा. समुद्र शांत आहे."

"कुठली बोट?" ताईने विचारलं. "बोट शनिवारी आहे ना?"

"हो, हो, शनिवारीच," असं म्हणत मी सटकलो.

बुधवारी पपया आणि दोन कोंबड्या नेल्या. गुरुवारी आमचं लहान डुक्कर कापलं, जे खरं तर सासूबाईंच्या स्वागतासाठी राखलेलं होतं. इनोके खात होता आणि मी बापुडवाणा त्याच्या संडासाच्या दिशेने बघत होतो. शुक्रवारी डॉक्टर मोआलांकडे कॅप पक्की करायला जायचं होतं. पक्की करायला कॅपच नव्हती, म्हणून गेलो नाही. समुद्र शांतच होता.

शनिवारी सकाळी बायकोने माझ्या जबड्याभोवती रुमाल बांधला आणि डोक्यावर गाठ मारली. "सूज आलीय म्हणायचं. तोंड उघडतच नाही म्हणायचं. सोमवारपर्यंत काहीतरी होईल."

बोट लागली. सासूबाई कमरेला गुंडाळलेली मानाची चटई सावरत फळीवरून उतरल्या. पाठीमागे चर्चच्या बायकांचा ताफा, सगळ्या मुद्दाम दात बघायला थांबलेल्या.

"जावईबापू, उघडा."

"आई, त्यांची दाढ सुजलीय," बायको म्हणाली.

"दाढ? मी सुळ्याला सोनं दिलं होतं. दाढ कुठून आली मध्येच?"

मी रुमालातून कण्हलो. तेवढ्यात मागून माझ्याच व्हॅनचा हॉर्न वाजला. इनोके उडी मारून उतरला. "आजी, आलात! द्या ती पेटी माझ्याकडे!" असं म्हणत तो तोंडभर हसला.

ऊन समोरून येत होतं. त्याचा वरचा डावा सुळा लखकन चमकला. सोन्याचा! त्यावर चांदणी!

माझं तोंड असं वासलं गेलं की रुमालाची गाठ आपोआप सुटली. जबड्याला सूज नाही, सुळ्याच्या जागी खुंटी, हे सासूबाईंनी पाहिलं, चर्चच्या बायकांनी पाहिलं, बोटीच्या खलाशांनीही पाहिलं.

"तुला... हा... कधी?" मी कसंबसं विचारलं.

"रविवारीच, मामा. पहिल्याच घासाला दाताखाली आला. खिशात टाकला. कचकच लागली म्हटलं होतं की मी."

"मग आठवडाभर..."

"तुम्ही इतक्या प्रेमाने खायला घालत होतात. मन मोडवेना."

"आणि डॉक्टर मोआला?"

"मामांनी दिला म्हटल्यावर ते काय विचारणार? जरा घासला आणि बसवला. पक्क्या सिमेंटवर."

बायको माझ्या कानात फुसफुसली, "अहो, मागा की परत!" पण फाहूने उचललेली वस्तू कोण परत मागतं? व्हॅन मागितली होती का मी? मी सासूबाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. लाज वाटत होती. खरंच रडू येत होतं.

सासूबाई पुढे झाल्या, इनोकेचा ओठ अंगठ्याने वर केला, चांदणी नीट न्याहाळली. आणि मग हसायला लागल्या. कवळी हलेपर्यंत हसल्या.

"जावईबापू, हा दात मला कुठून मिळाला, ते माझ्या लेकीने सांगितलं होतं का?"

"नाही."

"माझ्या मामाचा. त्याच्याही डाव्याच बाजूला होता. जेवताना टोचतो म्हणून त्याने काढून बशीत ठेवला. मी उचलला."

चर्चच्या बायका खो खो हसल्या. इनोकेने मान लववली, जशी एका चोराने दुसऱ्यापुढे लववावी.

"मग मामा काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हणणार बिचारा? उरलेलं आयुष्य तोंड मिटून जेवला." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, वीस वर्षांत पहिल्यांदाच. "चला घरी. भूक लागलीय. माझ्यासाठी डुक्कर राखलंय ना?"

डुक्कर कुठे गेलं ते बायकोने सांगितलं. थाप परत घेता येत नाही म्हणून बरं.

दोन महिन्यांनी माझी पांढरी कॅप आली. परवाच्या रविवारी ताईकडे जेवताना इनोके बराच वेळ माझ्याकडे टक लावून बघत होता. शेवटी म्हणाला, "मामा, हा पांढरा अगदी खऱ्यासारखा दिसतो हो. सोन्यापेक्षाही बरा."

त्या क्षणापासून मी तोंड मिटलंय. प्रार्थनाही आता मनातल्या मनातच म्हणतो, आणि तीही डोळे उघडे ठेवून.