सव्वासातचा गुलाब

एकाने वेळ सांगावी आणि बाकीच्यांनी मुकाट ऐकावी, यावरच जगाची शिस्त टिकून आहे. पुष्करच्या ऑफिसातल्या नेटवर्कमध्येही एक मुख्य घड्याळ असतं, बाकीची यंत्रं त्याची अनुयायी. मुख्य घड्याळ ठरावीक अंतराने ‘मी आहे’ असं कळवतं. तीनदा कळवलं नाही, की उरलेली यंत्रं आपसात नवा मुख्य नेमतात (शोकसभा होत नाही).

“धोका तिथेच असतो गं,” पुष्कर एकदा बायकोला म्हणाला होता. “काम इतकं सुरळीत चालतं, की जुनं गप्प का झालं हे बघायला कुणी जातच नाही.”

“ऑफिस वॉटफर्ड जंक्शन स्टेशनावरच ठेवून येत जा रे,” आठ महिन्यांच्या उर्वीला भरवत ऋजुता म्हणाली.

घरी मात्र तिने हीच पद्धत राबवली होती. उर्वीचं दूध, पुष्करची ट्रेन, सगळं वरच्या मजल्यावरच्या शशिधरकाकांवर लावलेलं. काका निवृत्त डॉक्टर, एकटे राहणारे. इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी ठीक सव्वासातला गुलाबाचं चित्र आणि सुविचार टाकत. वर्षभरातल्या चुका: शून्य. सदस्य: एकशे बेचाळीस. ग्रुप म्यूट केलेले: एकशे एक्केचाळीस (उरलेले स्वतः काका). ऋजुता तरी उघडून बघायची. गुलाब नव्हे, वेळ.

सोमवारी गुलाब आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी तिसरी खेप चुकली आणि घरात रीतसर निवडणूक झाली. उमेदवार दोन: ओव्हनचं घड्याळ (ऑक्टोबरात सगळ्या इंग्लंडची घड्याळं तासभर मागे गेली, हे राहिलं; तेव्हापासून एक तास पुढे) आणि उर्वी (रोज पावणेसातला ठणाणा). उर्वी निवडून आली. दूध वेळेवर, ट्रेनही वेळेवर.

“काहीच अडलं नाही की!” ऋजुता कौतुकाने म्हणाली आणि हातातला टोस्ट तिने तसाच खाली ठेवला. जुनं गप्प का झालं, हे बघायला कुणी गेलंच नव्हतं. उर्वीला काखोटीला मारून ती जिना चढली.

दार उघडायला बराच वेळ लागला. तेवढ्यात तिने आठवतील ते सगळे देव पाण्यात घातले.

“फोन आमटीत पडला. तो वाचवायला गेलो आणि मी पडलो,” बँडेज बांधलेला पाय ओढत काका म्हणाले. “मुरगळलाय फक्त. डॉक्टर मीच आहे.” टेबलावर दोन कप मांडलेले होते. “तीन दिवस मांडतोय. म्हटलं, एकशे एक्केचाळीसमधलं कुणीतरी डोकावेल. ये, पहिला नंबर तुझा.”

“आणि दुसरा?”

“उर्वीचा.” (ती सदस्य नाही.)

आता काका ठणठणीत आहेत. ग्रुपने त्यांच्या तब्येतीसाठी एकोणनव्वद वेळा हात जोडले (चित्रातले).

ऋजुताची वाचकांना एवढीच विनंती: तुम्हीही कुणाचा तरी गुलाब म्यूट केला आहे, नाही म्हणू नका. आज तो आला का, बघा. आला नसेल तर मेसेज टाकू नका. जिना चढा.