भावजींचा पाव्हणा

आमचे किसन भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, यांना उघडी माती बघवत नाही. कुठं वीतभर दिसली की थापी घेऊन येतात आणि तिच्यावर सिमेंट ओढतात.

तुळशीभोवती त्यांनी कोबा केला. गोठ्यात केला, परसात केला, धुण्याच्या दगडाभोवती केला. दारच्या आंब्याच्या बुंध्याला कोबा भिडवला तेव्हा मी म्हटलं, "भावजी, झाड पाणी कुटनं पिणार?" म्हणाले, "वरनं पडतंय की." दोन वर्षांत आंबा वाळला. एका नागपंचमीला आम्ही बायका वारुळाला गेलो तर वारुळाभोवती गोल सिमेंटची पाळ, आणि तिच्यावर बोटानं काढलेली तारीख. शेजारची सुमन म्हणाली, "नागोबाचा बंगला झाला बाई." भावजींना विचारलं तर म्हणाले, "पावसात खचत हुतं. मातीचं काय खरं न्हाई."

हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणतात. दुसरं वाक्य म्हणजे "पाणी मारलं का?" गवंडी माणूस, सात दिवस पाणी मारल्याशिवाय जगात काही पक्कं होत नाही असा त्यांचा समज. माझ्या लेकीच्या लग्नात जावयाला आशीर्वाद दिला तो असा: "पयले सात दिस चुकवू नका. रोज पाणी मारा. मग शंभर वर्सं बघाया नगं." जावई चांद्याचा. त्याला वाटलं आमच्या भुकूम गावची काही रीत असेल. सात दिवस सकाळी उठून तो दारात पाणी मारत होता.

हे खूळ कुठून आलं ते गावाला माहीत आहे, म्हणून हसणारा तोंड फिरवून हसतो. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या रानात विहिरीचं काम चाललं होतं. माझे मालक तळाशी होते, भावजी वर कडेला. कड ढासळली. लोक कुदळी घेऊन धावले तर भावजींनी दोन्ही हात आडवे धरले आणि "थांबा" म्हणाले. लोक थांबले. मालकांना दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं. मी तेव्हा तीस वर्षांची होते, लेक चार वर्षांची. त्या 'थांबा'बद्दल मी भावजींना कधी विचारलं नाही आणि माफही केलं नाही. त्यांनी लग्न केलं नाही, शेती सोडली, गवंडीकाम शिकले. आमच्या घरांची मधली भिंत एकच आहे. त्यांचं दोन वेळचं जेवण माझ्याकडून जातं. एवढंच.

तर अशा माणसाच्या गळ्यात कासव पडलं.

वरच्या खोल्या आम्ही हिंजवडीला कामाला जाणाऱ्यांना देतो. तिथं सायली नावाची पोरगी आणि तिचा नवरा राहत होते. गेल्या मार्चमध्ये त्यांची बंगळूरला बदली झाली. त्यांच्याकडे हे कासव. परदेशी जातीचं, सरकारी कागद असलेलं. घमेलं पालथं घालावं एवढी पाठ, आणि उचलायला दोन माणसं. ती दोघं गच्चीत त्याच्याशी इंग्रजीत बोलायची.

"काका, आम्हाला तिकडं घर मिळेपर्यंत ठेवाल का? फार तर दोन महिने." सायलीनं भावजींना विचारलं.

"चावतंय का?"

"नाही हो."

"पळतंय का?"

"कासव आहे काका."

"बरं. ऱ्हाऊ द्या पाव्हण्याला."

पाव्हणा हेच त्याचं नाव झालं. सुमन हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली, देवळापुढच्या कासवाला वाहतो तसं वाहायला. भावजींनी तिला फाटकातून परत पाठवलं. "त्ये दगडाचं असतंय. ह्येच्या डोळ्यांत गेलं म्हंजी?"

कासव म्हणजे पाण्यातलं, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. मलाही नाही. भावजींनी छातीएवढा हौद बांधला, आतून घोटून काढला, सात दिवस पाणी मारलं आणि पाव्हण्याला दोराच्या झोळीतून आत सोडलं. दगड टाकावा तसा तो तळाला गेला. आम्ही तो वर यायची वाट बघत उभे. तो आला नाही. भावजींनी कपड्यांसकट उडी मारली आणि त्याला पोटाशी धरून वर काढलं. मग ठसके देत सायलीला फोन केला. ती म्हणाली, "काका, तो पोहत नाही. वाळवंटातला आहे तो."

"त्ये आदी सांगायचं न्हाई का?"

मग घराच्या उजव्या अंगाला, माझ्या अंगणाला लागून, त्यांनी आवार बांधलं. चारी बाजूंनी कमरेएवढी भिंत, खाली दोन फूट पाया आणि तळाला अर्थातच कोबा. एप्रिल संपता संपता तो कोबा तव्यासारखा तापला. एका दुपारी पाव्हण्यानं मान टाकली. तोंडाला फेस आला. भावजींनी ओली गोणपाटं आणून त्याच्यावर घातली आणि सायलीला फोन लावून, आवाज मोठा करून, तो माझ्या हातात दिला.

सायली म्हणाली, "आजी, त्याला माती लागते. तो खोल बीळ खणून आत बसतो, तरच उन्हाळा काढतो."

"किती खोल?" भावजींनी विचारलं.

"माणूस उभा राहील एवढं. कधी जास्तही."

दोन दिवस भावजी अर्ध्या अर्ध्या तासानं गोणपाटं बदलत राहिले. पाव्हणा खाईना. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घण घेतला आणि कोबा फोडला. स्वतःच्या हातचं काम फोडताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. खालची माती उघडी पडली तेव्हा ते तिच्याकडे बघेनात. तोंड दुसरीकडे करून राडारोडा घमेल्यात भरत होते.

पुढं मात्र मन लावून केलं. वर हिरवी जाळी टाकली, अर्ध्या भागावर उसाच्या पाचटाचं छप्पर घातलं, एका कोपऱ्यात लोळायला चिखल, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याची उथळ परात. पाव्हण्याला यातलं काही पसंत पडलं नाही. तो थेट भिंतीपाशी गेला आणि खणायला लागला. चार दिवसांत भिंतीच्या पायाखालून पलीकडे, माझ्या अंगणाखाली.

तेव्हापासून भावजींचं सगळं बिघडलं. पाव्हणा सकाळी नवाला आत जायचा तो संध्याकाळी साडेपाचाला बाहेर. मधला सगळा वेळ भावजी बिळाच्या तोंडाशी बसून. ताट झाकलेलं तसंच. कधी कान जमिनीला लावायचे, कधी पाण्याची नळी आत सारून मोजायचे. नळी नऊ हात आत गेली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. पाया आखायची पांढरी फक्की असते, ती घेऊन त्यांनी माझ्या अंगणात बीळ जातं तिथं वरून रेघा मारल्या. रोज सकाळी नव्यानं.

"वैनी, ह्या रेघेच्या आत पाय ठेवायचा न्हाई."

"आनि मी सडा कुटं घालायचा?"

"भाईर घाला."

अंगणाचं कबड्डीचं मैदान झालं. पोस्टमन पाकीट घेऊन रेघेबाहेर उभा राहायचा आणि म्हणायचा, "आजी, आत आलो तर औट का?"

मला त्या रेघेचा वीट आला. घरभर त्यांनी सिमेंट ओतलं, एवढं एक अंगण मी मातीचं राखलं होतं, तेही गेलं. मे महिन्यात एके दिवशी भावजी सकाळीच पिरंगुटला गवत आणायला गेले. मी खराटा घेतला आणि रेघेसकट सगळं अंगण झाडून काढलं. वर शेणाचा सडा घातला. अंगण बघून बरं वाटलं. चुकून झालं असं मी म्हणणार नाही.

दहाच्या सुमाराला पाण्याचा टँकर आला. नेहमीचा माणूस नव्हता, नवा पोरगा होता. त्यानं खिडकीतून विचारलं, "माताजी, कहाँ तक लूँ?" मी हातानं ये-ये केलं. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त टाकी होती, ती भरायची होती. मागचं चाक अंगणाच्या मधोमध आलं आणि खाली गेलं. अर्धं चाक जमिनीत. आवारातल्या बिळाच्या तोंडातून धुळीचा लोट आला. मग काहीच आलं नाही.

पाव्हणा आत जाऊन तास झाला होता.

पोरानं जोर लावून टँकर बाहेर काढला, तशी माती आणखी बसली. तेवढ्यात भावजी गाडीवर गवताचा भारा घेऊन आले. त्यांनी खड्डा बघितला, अंगण बघितलं. भारा गाडीवरून घसरून पडला तो त्यांनी उचलला नाही.

"चाचा, इधर कोई निशान नहीं था," पोरगा म्हणाला. खरंच बोलत होता.

लोक जमले. शेजारच्या प्लॉटवर जेसीबी चालू होता, त्याचा चालक आला. "काका, दोन बकेट मारतो. पाच मिंटात काढतो."

"अवो मारू द्या की," सुमन म्हणाली. "गुदमरंल त्ये आत."

भावजींनी दोन्ही हात आडवे धरले. "थांबा."

चाळीस वर्षांत मी तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मी भिंतीला टेकवलेली कुदळ उचलली आणि त्यांच्या आडव्या हाताखालून पुढं गेले.

"वैनी, ठेवा खाली."

"तुमी थांबा. मी न्हाई थांबायची."

"वरनं घाव बसला की उरलेलं छत त्येच्यावर बसंल. अजून कुटं तरी पोकळी आसंल. ठेवा."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी मारलीच असती. मी कुदळ ठेवली.

त्यांनी जेसीबी बंद करायला लावला. सगळ्यांना दहा पावलं मागं सारलं. मग घरातून सेंटरिंगच्या फळ्या आणि टेकू काढले आणि खड्ड्यापासून लांब, बाजूनं, तिरका चर खणायला घेतला. एक हात माती काढायची, दोन्ही बाजूंना फळ्या लावायच्या, मधे टेकू ठोकायचा, मग पुढचा हात. फळी बसल्याशिवाय मूठभर माती काढली नाही. ऊन डोक्यावर आलं. लोक कंटाळून कुजबुजायला लागले. "अशानं दिवाळी उजाडंल." फळ्या मी देत होते. एकेक फळी देताना मला वाटत होतं, यांना काही घाईच नाही. पाचव्या-सहाव्या फळीच्या वेळी चराची एक कड भसकन सुटली. फळीवर येऊन अडली. फळी नसती तर ती भावजींच्या पाठीवर होती.

मी पुढची फळी उचलून दिली. विहिरीच्या कडेला त्या दिवशी फळ्या नव्हत्या आणि कुदळी घेऊन धावलेली माणसं आठ होती, हे मला तेव्हा आठवलं. आठवलं म्हणून मालक परत येत नाहीत.

तीन वाजून गेले. भावजी पोटावर आडवे होऊन थापीनं माती ओढत होते. शेवटी थापीही टाकली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

"लागलं," म्हणाले. "पाट लागली."

"हलतंय का?" मी विचारलं.

"हलतंय." मग त्यांनी तळहात दाबून धरला. "न्हाई. माजीच नाडी हाय ती."

सुमननं तोंडाला पदर लावला. भावजी तसेच पडून राहिले, गाल मातीला लावून. मी त्यांच्या पायाशी उभी. पायांच्या टाचा तेवढ्या दिसत होत्या, भेगाळलेल्या, सिमेंटनं खाल्लेल्या. त्या टाचा एकदम आखडल्या.

"ढकलतोय," आतून आवाज आला. "माजा हात ढकलतोय पायानं."

त्याला बाहेर काढायला आणखी अर्धा तास लागला. डोळे मातीनं बंद. परातीत ठेवून भावजींनी ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, पाठ पुसली, पाय पुसले. बराच वेळ तो दगडासारखाच होता. मग मान बाहेर आली, इकडं तिकडं बघितलं आणि पडलेल्या भाऱ्यातली एक काडी ओढली.

लोक पांगायच्या आत सायलीचा फोन आला. टँकरवाल्या पोरानं काढलेला व्हिडिओ फिरत फिरत तिच्यापर्यंत गेला होता. ती रडत होती. "काका, तुम्ही तर लाइन मारता ना रोज? कुणी पुसली?"

सुमन माझ्याकडे बघत होती. सकाळी झाडताना तिनं मला पाहिलं होतं.

भावजी म्हणाले, "आज मारायची ऱ्हायली माज्याकडनं. माजी चूक. तू रडू नगंस, खातोय त्यो."

फोन ठेवून ते चराच्या कडेला बसले. माणसं गेली. मी ताट वाढून आणलं. एरवी उंबऱ्यावर ठेवते आणि वळते. त्या दिवशी तिथंच फळीवर बसले.

"भावजी, रेघ मी झाडली."

"ठावं हाय. खराट्याच्या खुणा हायेत की सगळीकडं."

"आनि टँकर मीच मागं घ्यायला लावला."

"बरं."

"मग त्या पोरीला खोटं का सांगितलं?"

त्यांनी हात झटकून माती काढली. नखांतली निघाली नाही.

"वैनी, ज्येच्या हातनं व्हतं त्येला ठावं असतंय. जल्मभर असतंय. वरनं आनि लोकांनी कशाला सांगाया पायजे?"

चाळीस वर्षं मी तोंडातून एक शब्द न काढता त्यांना तेच सांगत आले होते, रोज दोन वेळा, ताटासोबत.

"जेवा," मी म्हटलं.

त्यांनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली, घास खाल्ला. थोडा वेळ चावत राहिले.

"मीठ कमी हाय," म्हणाले.

चाळीस वर्षांत त्यांनी माझ्या स्वयंपाकाला पहिल्यांदा नाव ठेवलं. मी उठले आणि मीठ आणून दिलं.