डरकाळीलाही न हललेलं कडं

एका जंगलात, बाळांनो, एक साळिंदर क्युबिट बनवत असे. ते साळिंदर म्हणजे मीच. हसून घ्या, मग पुढे सांगतो.

क्युबिट म्हणजे धातूचं इवलंसं कडं. गोठवून ठेवलं की त्यातली वीज एकाच वेळी डावीकडेही फिरते आणि उजवीकडेही. असं कडं अवघड कोडी सोडवतं म्हणे. पण भारी नाजूक. कोणी शिंकलं तरी सगळं विसरतं.

जंगलातली एकुलती एक थंडगार गुहा सिंहमहाराजांनी मला दिली. अट अशी, की बारा वर्षांनी कड्याने त्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. नाहीतर गुहा अस्वलाची. तोवर अस्वल बाहेर उन्हात धापा टाकत बसे.

मी डोकं लढवलं. डाव्या आणि उजव्या विजेच्या मधे असा उंच बांध घातला, की कुठलाही धक्का आत पोचू नये. रोज सकाळी माकडांना बोलावून आरडाओरडा करायला लावायचो. कडं ढिम्म. मी वहीत लिहायचो, ‘प्रगती उत्तम.’

माझी बायको साळू एकदा म्हणाली, “अहो, त्याला काही विचारून तरी बघा.”

“उगाच कशाला? आत्ता कुठे ते शांत झालंय,” मी म्हणालो.

बारा वर्षं भरली. महाराज आले. त्यांनी डरकाळी फोडली. कडं हललं नाही. माझे काटे अभिमानाने ताठ झाले.

“छान,” महाराज म्हणाले. “आता विचार त्याला, पाणवठ्याला जवळची वाट कोणती? ओढ्याची की टेकडीची?”

विचारायचं म्हणजे कड्याला विजेची हलकी टिचकी मारायची. मी मारली. ढिम्म. जोरात मारली. तरी ढिम्म. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धक्का कोणता आणि प्रश्न कोणता, हे बांधाला कळत नव्हतं. त्याने इमानाने दोघांनाही अडवलं होतं.

महाराजांनी गुहेच्या तोंडाशी पडलेल्या धोंड्यावर पंजा ठेवला. “हाही कुणाचं ऐकत नाही. मग दोघांत फरक काय?”

बारा वर्षांत उत्तर येत असलेला हा पहिलाच प्रश्न मला कोणी विचारला होता. मला राहवलं नाही.

“धोंड्याला थंड गुहा लागत नाही, महाराज.”

अस्वल आत गेलं. आम्ही बाहेर आलो. साळूने माझी वही तेवढी आठवणीने बरोबर घेतली, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तात्पर्य: आपली वस्तू कशानेही ढळत नाही अशी खात्री पटली, की प्रात्यक्षिक लवकर आटपावं आणि पाहुण्यांना प्रश्न सुचायच्या आत पानं वाढावीत.