डेस्पिनाबाईंची डिश

"पुढच्या महिन्यात शुगर उतरली नाही, तर इन्सुलिन," असं डॉक्टरनं बजावलं आणि सुनेत्रानं नवऱ्याचा, शशिकांतचा, बकलावा बंद केला.

पण बंद करायचा, तर आधी तो घरात यायचा थांबायला हवा ना! इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या शेजारीणबाई, फिश अँड चिप्सवाल्या ग्रीक डेस्पिनाबाई, दर आठवड्याला ही सुकामेवा भरलेली, पाकात मुरलेली मिठाई डिश भरून पाठवायच्या. डिश रिकामी कशी परत द्यायची, म्हणून सुनेत्रा लाडू घालायची. तीच खोड ग्रीकांनाही आहे, हे लक्षात येईपर्यंत शशिकांतचा पट्टा दोन भोकं पुढे सरकला होता.

"या वेळी लाडू नाहीत."

"अगं, त्यांना वाईट वाटेल!"

"तुम्हाला वाटतंय वाईट, बकलाव्याचं!"

तरी डिश अगदीच रिकामी द्यायला सुनेत्राचा हात धजेना. आपल्या रीतीप्रमाणे तिनं चिमूटभर साखर घातली आणि डिश देऊन आली.

डेस्पिनाबाईंनी झाकण काढलं आणि कपाळाला हात लावला. साल दोन हजार नऊ, सगळीकडे रिसेशन. "अरे देवा, शशिकांतची नोकरी गेली! घरात एवढीच साखर उरलेली, तीही मला पाठवली!"

रविवारी चर्च सुटलं आणि ग्रीक मंडळी थेट सुनेत्राच्या दारात. चौदा माणसं, चौदा डिशेस. डेस्पिनाबाईंच्या नवऱ्यानं, स्टावरोसनं, शशिकांतच्या हातात एप्रन कोंबला. "उद्यापासून दुकानात ये. बटाटे सोलायचेत. अजिबात लाजू नकोस."

"अहो, नोकरी शाबूत आहे यांची! मॅनेजर आहेत!" सुनेत्रा ओरडलीच. मग शरमेनं लाल होत तिनं शुगरचं सगळं सांगून टाकलं.

आता ही माणसं रागावून जाणार, या धास्तीनं ती रडकुंडीला आली. पण डेस्पिनाबाईंनी तिला घट्ट मिठी मारली. "नोकरी आहे ना? मग रडतेस कशाला, वेडे!"

सहा वर्षांत या गावात आपल्यासाठी इतकं कुणी धावून आलं नव्हतं. सुनेत्राला भरून आलं. तिनं स्वतःच बकलाव्याचा भलामोठा तुकडा शशिकांतपुढे धरला. "आजच्या दिवस खा हो."

शशिकांतनं तुकड्याकडे पाहिलं, बायकोच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाला, "अर्धाच दे गं."