सर्वांना बसणारं चिलखत

शालिग्राम मास्तरांना नवं चिलखत उजव्या काखेत टोचत होतं. बाब किरकोळ होती. पत्र्याची एक कड आत वळवली असती तर चहा निवायच्या आत मिटली असती. पण बुऱ्हाणपुरात आपल्या अंगावरच्या कपड्याबद्दल आपलं स्वतःचं मत कोणी ग्राह्य धरत नाही. चार जणांना दाखवून त्यांचा अभिप्राय घेतल्याशिवाय कपडा अंगावर चढला, असं इथे मानलंच जात नाही. मास्तर लोधीपुऱ्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत, म्हणजे चांगले शिकलेसवरलेले होते. तरी तेही रिवाजाला धरूनच वागले.

चिलखत साधं नव्हतं. ते मंगळावरच्या शिपायाचं होतं. वनस्पती तुपाचे डबे कापून, ठोकून मास्तरांनी त्याची छाती आणि पाठ केली होती. सांधे सायकलच्या जुन्या ट्यूबचे होते, शिरस्त्राण फुटक्या हंड्याचं, आणि त्यावर संदेश पकडणाऱ्या दोन तारा कलाबत्तूच्या, इतवाऱ्याच्या बाजारातून आणलेल्या. अंगाला पत्रा लागू नये म्हणून आतून केळीच्या वाळलेल्या सोपटांचा थर दिला होता. तो माल मालतीबाईंच्या माहेरचा, दापोऱ्याचा. पावसाळाभर मास्तर ठोकत होते. अशात रशियाने आकाशात स्वतःचा चंद्र सोडला आणि ज्या शेजाऱ्यांनी आवाजाबद्दल तक्रारी केल्या होत्या, तेच आता मास्तरांना शास्त्रज्ञ म्हणू लागले.

नोकरीला लागल्यापासून मास्तरांनी दर स्नेहसंमेलनात दुसऱ्यांसाठी सोंगं केली होती. राक्षसाची मुंडकी, देवांचे मुकुट, गरुडाचे पंख, सगळं त्यांच्या हातचं. ते घालून दुसरे रंगमंचावर जात, टाळ्या घेत, हार घालून घेत. मास्तर पडद्यामागे डिंकाची वाटी धरून उभे असत. चिलखत मात्र त्यांनी स्वतःच्या मापाचं केलं होतं. नव्या राज्याला वर्ष होणार होतं, त्यानिमित्त गावातून मिरवणूक निघायची होती, आणि एकदा तरी आपण केलेलं आपणच घालून इतवाऱ्यातून चालत जावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ही इच्छा त्यांनी फक्त बायकोला सांगितली होती.

पहिला अभिप्राय शेजारच्या मोतीलाल सुतवाल्याने दिला. आपल्याकडे अभिप्राय मागितल्यावर नुसतं 'छान आहे' म्हणणं हा अपमान समजतात. त्याचा अर्थ तुम्ही नीट पाहिलंच नाही. मोतीलालने मास्तरांभोवती फेरी मारली, पत्र्यावर टिचकी मारली आणि मान हलवली.

"खांद्यात तर एकदम फिट बसून राहिलं मास्तर. पण पोटाचं काय?"

"पोटाला काय झालं?"

"आज काही नाही झालं. पण मधी दिवाळी आहे ना. फराळ खाल्ल्यावर कसं होईल? थोडी गुंजाइश ठेवा."

मुद्दा बिनतोड होता. मास्तरांनी पोट वाढवलं. पोट वाढल्यामुळे चिलखत खांद्यावरून घसरू लागलं, म्हणून पट्टे लावले. पट्टे गळ्याला काचू लागले, म्हणून गळा कापला. गळा मोठा झाल्यावर हंडा आत उतरला आणि मास्तरांना दिसेनासं झालं. मालतीबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या.

"अहो, आता यात तुमी एकटेच आहे, का अजून कोणाले घेतलं?" त्या म्हणाल्या. "पहिलं चांगलं होतं. कायले विचारता लोकांना?"

मास्तरांनी हा अभिप्राय नोंदवला नाही. घरच्यांच्या मताला अभिप्राय म्हणण्याची पद्धत नाही.

मिरवणुकीत जायचं तर वेशभूषा उपसमितीची मान्यता लागत होती. नवं राज्य चार तुकडे सांधून केलेलं असल्यामुळे उपसमितीतही चार तुकड्यांना न्याय दिला होता. इंदूरकडचे लीलाधरजी होते, पूर्वीच्या राजधानीशी, नागपुराशी, पत्रव्यवहार करण्यात हयात गेलेले दत्तात्रयराव होते, रीव्याकडचे बघेलजी होते. भोपाळकडचे सदस्य अजून यायचे होते, पण त्यांचा विरोध नाही असं धरून काम सुरू झालं होतं. कोणत्याही विभागाची सूचना फेटाळायची नाही, असं एकीकरणाचं धोरण ठरलेलं होतं. कारण सूचना फेटाळली की विभाग दुखावतो, आणि विभाग दुखावला की राज्य.

मास्तर चिलखत चढवून उपसमितीपुढे उभे राहिले.

"हे वाकत नाही," लीलाधरजी म्हणाले. "आमच्याकडे दरबारात मुजऱ्याची रीत आहे. पाहुण्यांसमोर हा ताठ उभा राहील तर कसं दिसेल?"

"बैठता कैसे है?" बघेलजींनी विचारलं. "बड़ों के सामने पालथी मारनी पड़े तो?"

"साहेब, मंगळावर बसायची..." मास्तर म्हणाले.

"मंगळावर काय करतात ते मंगळवाले पाहतील," दत्तात्रयराव म्हणाले. "मिरवणूक आपली आहे. आणि याले खिसा कुठे आहे? कोणी अर्ज दिला तर हा माणूस ठेवेल कुठे?"

तिन्ही सूचना मान्य झाल्या. मास्तरांनी चिलखताला वाकणारी एक कंबर आणि बसणारी दुसरी कंबर केली, आणि छातीवर अर्जांचा खिसा लावला. दोन कमरांमुळे ते उभं राहीना, पण उभं राहण्याची सूचना कोणीच केलेली नव्हती.

पुढच्या बैठकीत मूळ प्रश्न निघाला. चिलखत घालणार कोण?

"मी," मास्तर म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अशा मानाच्या जागेवर ज्येष्ठ शिक्षकाचा हक्क होता, आणि ज्येष्ठ कोण हे ठरलेलं नव्हतं. चारही विभागांच्या शिक्षकांची नोकरी एकत्र मोजायचं काम वर चाललं होतं आणि ते आपल्या हयातीत संपेल असं कोणी म्हणत नव्हतं. तेव्हा घालणारा अनिश्चित असताना चिलखत एका माणसाच्या मापाचं ठेवणं नियमाला धरून होणार नव्हतं.

"पण साहेब, मी ते माझ्याच मापाचं केलं होतं," मास्तर म्हणाले. डोक्यावर चढवलेल्या हंड्यातून त्यांचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"तेच तर नडलं मास्तर," दत्तात्रयराव समजुतीने म्हणाले. ते मनाने वाईट नव्हते. "सरकारी वस्तू एका माणसाले बरोबर बसली, की बाकीचे सगळे तक्रार करतात. कोणालेच नाही बसली, तर कोणी काही बोलत नाही. तीस वर्षं मी हेच पाहून राहिलो."

म्हणून सर्व पात्र शिक्षकांची मापं मागवून त्यांची सरासरी काढायचं ठरलं. जे अजून रुजू व्हायचे होते त्यांची मापं गृहीत धरली. एका विभागातून मापं इंचांत आली, दुसऱ्यातून कापड मोजायच्या गिरहांत, तिसऱ्यातून वितींत. मास्तरांनी भीत भीत सुचवलं की सगळ्यांचे आधी इंच करावेत. त्यावर बघेलजींनी हाताची वीत ताणून पुढे धरली.

"म्हणजे आमची वीत तुम्हाले चालत नाही?" बघेलजी प्रथमच मराठीत बोलले.

रूपांतर करणं म्हणजे एका विभागाचं माप थोर आणि बाकीच्यांचं हलकं मानणं होतं. तेव्हा इंच, गिरह आणि विती आहेत तशा एकत्र मिळवून भागाकार केला. भागाकार अचूक होता. लीलाधरजींनी तो दोनदा तपासला. त्याप्रमाणे चिलखताचा एक हात गुडघ्याच्या खाली गेला, छाती घागरीएवढी झाली आणि पाय मात्र बाहुलीचे राहिले. हे सगळं मास्तरांनी स्वतःच्या हातांनी कापलं. कापताना त्यांना रडू आलं. पण डोळे पुसायला ते थांबले नाहीत, कारण मुदत जवळ आली होती.

शेवटच्या तपासणीत शिक्षकांना एकेक करून चिलखत घालून पाहिलं. ते कोणालाच बसलं नाही. मास्तरांनाही नाही, ते खांद्यात अडकले आणि दोघांनी पाय ओढून त्यांना बाहेर काढलं. उपसमितीने एकमताने अहवाल दिला की चिलखत निर्दोष असून पात्र शिक्षकांच्या शरीररचनेत एकवाक्यता आढळून आली नाही. शरीरांबाबत यथावकाश कारवाई व्हावी.

मिरवणुकीच्या दिवशी चिलखत रिकामंच निघालं. केळीचे खुंट बांधलेल्या बैलगाडीत बांबूच्या आधाराने ते उभं केलं होतं आणि खाली पाटी होती, 'उद्याचा नागरिक'. इतवाऱ्यात पाहुण्यांनी त्याला हार घातला. लीलाधरजींनी मागून दोरी ओढली, तसं ते पहिल्या कमरेतून वाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गर्दीतून कोणी तरी पुढे होऊन छातीवरच्या खिशात खरोखरचा अर्ज टाकला. ते पाहून दुसऱ्याने टाकला. मग गाडीमागे रांग लागली.

मालतीबाई नवं लुगडं नेसून एका दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. मास्तर त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"आत कोणीच नाही ना?" मालतीबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग मी कोणाले पाहू?"

 मास्तर गाडीकडे बघत राहिले. एवढ्यात बाजूच्या एका गृहस्थाने, ओळख ना पाळख, सहज विचारलं, "कसं काय वाटून राहिलं तुम्हाले?"

मास्तरांनी मान तिरपी केली, एक डोळा बारीक केला आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण डावी बाजू थोडी भरायला पाहिजे होती."

मालतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि त्या एकट्याच घराकडे चालू लागल्या. मास्तरांच्या ते उशिरा लक्षात आलं. ते तेव्हा त्या गृहस्थाला डावी बाजू नेमकी कुठे भरायची ते हाताने दाखवत होते.

त्यांचा अनुभव लक्षात घेऊन उपसमितीने पुढे त्यांना सल्लागार म्हणून घेतलं. आता कोणी काही शिवलं, ठोकलं किंवा लिहिलं की ते प्रथम त्यांच्याकडे येतं, आणि ते कोणालाही सूचनेशिवाय परत पाठवत नाहीत. ही गोष्टही त्यांच्या सूचना घेऊनच आली आहे. तरीसुद्धा, वाचकहो, मास्तरांनी अमुक करायला हवं होतं आणि तमुक करायला नको होतं, हे इथवर येईपर्यंत तुमच्या मनात निदान दोनदा आलं असेल. संकोच करू नका, सूचना पाठवा; एकही फेटाळली जाणार नाही. तुमच्या मापाची गोष्ट यापुढे कोणी लिहिणार नाही, याची व्यवस्था झालेली आहे.